वडिलांचं काय आठवायचं?

माणूस गेला की तेराव्या दिवसापर्यंत तो देवमाणूस झालेला असतो. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. आपणही मान हलवतो. यात मी कुणाला नावं ठेवत नाही. सांत्वनाला आलेल्या माणसानं दुसरं म्हणावं तरी काय? पण मंडळी उठून गेली, सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्या, घरातले चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, की मनात येतं, दिवसभर ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं ते आपले वडीलच होते ना? की त्यांच्यासारखं दिसणारं दुसरं कुणी?

वडील गेल्यावर मुलानं त्यांचं नेमकं काय आठवायचं? जे गोड वाटतं ते, की जे होतं ते? आणि जे आपल्यालाही पटत नव्हतं त्याचं काय करायचं? ते झाकायचं, की वडिलांचं म्हणून पुढं चालवायचं? तीन वर्षं हा प्रश्न माझ्याबरोबर आहे. दत्तजयंतीच्या अंकात तो मांडतोय, कारण सप्ताहाला पाटावर बसणारे आपण बहुतेक जण साठीच्या पुढचे. अनेकांचे वडील गेलेले आहेत, आणि उद्या आपल्याबद्दलही कुणीतरी हेच बोलणार आहे.

आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कार्तिकात गेले. वय ८९. शेवटचे दोन महिने सोडले तर हिंडतेफिरते होते. आयुष्यभर पोस्टात नोकरी केली, कृष्णाकाठच्याच गावांतून बदल्या झाल्या. ज्या काळात निम्म्या गावाला लिहिता येत नव्हतं, त्या काळात पोस्टाच्या खिडकीवरचा माणूस म्हणजे काय असायचा हे आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. गिरणीत असलेल्या मुलाचं अंतर्देशीय आलं की म्हातारी ते फोडायची नाही, तशीच घेऊन यायची. अण्णा खिडकी बंद झाल्यावर बाहेरच्या कट्ट्यावर बसून वाचून दाखवायचे, आणि उत्तर तिथंच लिहून द्यायचे. कुणाच्या मुलानं मुंबईत दुसरं बिऱ्हाड केलंय, कुणाची लेक सासरी सुखात नाही, सगळं त्यांना ठाऊक असायचं. पण आमच्या आईला त्यातलं एक अक्षर कधी कळलं नाही. ती थट्टेनं म्हणायची, "यांच्या पोटात अख्खं गाव आहे."

१९८२ साली मुंबईत गिरण्यांचा संप झाला आणि मनिऑर्डरी आटल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. सुट्टीत पोस्टात डबा द्यायला गेलो की बघायचो, बायका रोज येऊन उभ्या राहायच्या. "आली का हो?" अण्णांना खोटं बोललेलं खपायचं नाही. आम्हाला त्याबद्दल मार बसलेला आहे. पण त्या खिडकीत ते म्हणायचे, "टपाल उशिरा आहे, उद्या बघू." टपाल वेळेवर आलेलं असायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नाही आली हे तिलाही ठाऊक आहे. तिला उद्या यायला काहीतरी पाहिजे."

आणि दत्त. मार्गशीर्षातला सप्ताह त्यांनी साठाहून अधिक वर्षं चुकवला नाही. सात दिवस एकभुक्त, जमिनीवर घोंगडी, पहाटे धाबळी नेसून पोथीपुढं. समाप्तीला घेवड्याची भाजी झालीच पाहिजे. एरवी चौदावा अध्याय रोज तोंडपाठ. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं की त्यांचं चित्त थाऱ्यावर नसायचं. वाडीला दक्षिणद्वार कधी होतंय याची बातमी लागली की अंगावर असतील त्या कपड्यांनी निघायचे. पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुडी मारून घरी आले की दोन दिवस घरात कुणावर चिडायचे नाहीत. आई म्हणायची, "महाराजांनी वर्षातनं चारदा तरी दक्षिणद्वार करावं."

कारण एरवी ते चिडायचे. फार चिडायचे. भाजीत मीठ जास्त झालं की ताटावरून उठायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते उठायचे, आणि आई दिवसभर तोंड बारीक करून असायची. गावातल्या म्हाताऱ्यांसाठी जेवढा धीर होता, तेवढा घरातल्यांसाठी उरायचा नाही. हे लिहिताना मला त्यांचा राग येत नाही. ते असे होते, एवढंच.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. ती आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून इथं सांगतो. नाहीतर ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या पत्रातलं अक्षर बाहेर जाऊ दिलं नाही, त्याच्या घरातलं मी छापायला दिलं नसतं. अण्णांचं आणि काकांचं, म्हणजे त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं, तेवीस वर्षं बोलणं नव्हतं. कारण तुमच्याही गावात असेल तेच. वाटणी झाली, जमीन विभागली, विहीर सामाईक राहिली. पाण्याच्या पाळीवरून एका उन्हाळ्यात शब्दाला शब्द लागला, मोटरीची वायर कुणी काढली यावरून प्रकरण तालुक्याच्या कोर्टात गेलं. चूक कुणाची होती ते मी सांगणार नाही. मला वाटतं अण्णांची जास्त होती, पण काका काही साधे नव्हते.

दोघांची घरं एका भिंतीला लागून. मार्गशीर्षात दोन्हीकडे सप्ताह. पहाटे मी दिवा लावायला उठलो की इकडून अण्णांचा आवाज आणि पलीकडून काकांचा, दोन ओव्यांचं अंतर ठेवून, तोच अध्याय. काही वर्षं मला त्याचं हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं. पौर्णिमेला दोघंही वाडीला जायचे, वेगवेगळ्या एसटीनं. घाटावर समोरासमोर आले की एक जण पायऱ्या उतरायचा, दुसरा चढायचा. पादुकांपुढं मात्र दोघंही डोकं टेकायचे.

अण्णा गेले तेव्हा काका स्मशानात आले. लांब, बाभळीखाली उभे राहिले आणि गेले. पण दहा दिवस त्यांनी सुतक पाळलं. त्यांच्या घरी देवपूजा बंद, दाढी वाढलेली. बोलणं नव्हतं, पण सुतक होतं. आपल्या शास्त्रानं भावकीला असं काही बांधून ठेवलंय की कोर्टातला प्रतिवादी झाला तरी सुतक चुकत नाही.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवले. आता कावळा शिवायला वेळ लागणार असं सगळ्यांनाच वाटत होतं. एकमेकांकडे बघणं चाललं होतं. अशा वेळी काय होतं हे आपण पाहिलेलं असतं. कावळा येत नाही, मग कुणीतरी पुढं होऊन म्हणतं, आईला आम्ही सांभाळू, तुमचं अमुक राहिलेलं आम्ही पुरं करू, काळजी करू नका. तरी नाहीच आला तर दर्भाचा कावळा करतात. मला वाटत होतं, आज हा खोळंबेल, मग कुणीतरी त्या भांडणाचं नाव काढेल, आणि मला, थोरल्या मुलाला, पिंडापुढं उभं राहून काहीतरी म्हणावं लागेल. मी वाक्यही जुळवत होतो. पण कावळा लगेच आला. आम्ही पाच पावलंही मागं सरलो नव्हतो. "समाधानानं गेले हो," म्हणत मंडळी मोकळी झाली. मी मात्र नदीकडे बघत राहिलो. तो थोडा थांबला असता तर बरं झालं असतं.

अशा गोष्टींत पुढं एक चिठ्ठी सापडते. पोथीत ठेवलेली, थरथरत्या अक्षरात, "धाकट्याला सांभाळा" वगैरे. मीही पोथी उघडून पाहिली. शेवटच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं बारीक अक्षरात बरंच काही होतं: दरवर्षीच्या समाप्तीचा रवा, गूळ, तूप, घेवडा, भाव किती, ब्राह्मण किती, दक्षिणा किती. १९६७ पासूनचा हिशोब. भावाचं नाव कुठंही नव्हतं. म्हणजे अण्णांच्या मनात शेवटी काय होतं, हे ना कावळ्यानं सांगितलं ना पोथीनं. ठरवायचं होतं ते आम्हालाच.

प्रश्न खरा उभा राहिला वर्षश्राद्धाच्या वेळी. काकांना बोलवायचं का? माझा धाकटा भाऊ म्हणाला, "अण्णांनी तेवीस वर्षं त्यांच्या उंबऱ्यात पाय टाकला नाही. त्यांच्याच श्राद्धाला त्यांना पान वाढायचं? त्यांच्या आत्म्याला काय वाटेल?" बहीण रडायला लागली. आई म्हणाली, "वाढायचं तर वाढा, मला विचारू नका." यावरून तिच्या मनात काय होतं ते ओळखा.

भावाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. वडिलांवर प्रेम असेल तर त्यांचा शब्द राखावा, त्यांच्या माणसांना आपलं म्हणावं, त्यांनी ज्याला दूर ठेवलं त्याला दूर ठेवावं, ही निष्ठा आहे आणि ती खोटी नाही. कितीतरी घरांत तिसरी पिढी अशी निष्ठा चालवते. मूळ भांडण कशावरून झालं हे सांगता येत नाही, पण "आमच्या वडिलांनी सांगितलंय" एवढं पुरतं. वैर हाही वारसा होतो. सातबाऱ्यावर त्याची नोंद नसते, पण वाटणी न करता तो सगळ्यांना सारखा मिळतो.

वडिलांना देव माना, ही आज्ञा ज्या तैत्तिरीय उपनिषदातली आहे, त्या शिक्षावल्लीत मी पुन्हा डोकावलो. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य उपदेश करतात, त्यातलं ते वचन. आई, वडील, आचार्य, अतिथी यांना देव मान. हे आपण शाळेच्या भिंतीवरही वाचलेलं असतं. पण भिंतीवर जे लिहीत नाहीत ते त्याच्या लगेच पुढं आहे. आचार्य सांगतात, आमची जी चांगली वर्तनं असतील तेवढीच तू आचरणात आण, बाकीची नाही. म्हणजे ज्या तोंडानं देव माना म्हटलं, त्याच तोंडानं, त्याच दमात, आमच्यात बाकीचंही आहे हे कबूल करून टाकलं. किती मोठं मन असेल त्या ऋषीचं! देव मानणं आणि डोळे उघडे ठेवणं यात त्याला काही विरोध वाटला नाही. विरोध आपल्याला वाटतो, कारण देव म्हटलं की दोष नसलाच पाहिजे असं आपण धरून चालतो, आणि मग दोष झाकत बसतो.

आणि आपल्याला तर वाडीपर्यंतही जायला नको, श्रीदत्तप्रभूंचीच गोष्ट घ्या. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूत भेटतो, ज्याला परंपरेनं दत्तात्रेय मानलंय, आणि आपले चोवीस गुरू सांगतो. ही यादी आपण कीर्तनात शंभरदा ऐकली आहे. पृथ्वी, वायू, आकाश म्हटलं की आपण मान डोलावतो. पण त्यात पतंग आहे, जो रूपाला भुलून ज्योतीत जळाला. मासा आहे, जो जिभेपायी गळाला लागला. हरिण, हत्ती आहेत. आणि कबुतर आहे, ज्याची पिलं आणि मादी जाळ्यात अडकल्यावर ज्यानं स्वतःही त्यात उडी घेतली. यातला एकही चुकला नाही असं नाही, सगळे चुकून मेले. तरी अवधूत त्यांना गुरू म्हणतो. कबुतराला "तू किती थोर" असंही म्हणत नाही आणि "तू किती मूर्ख" म्हणून हिणवतही नाही. त्याच्याकडून जे घ्यायचं ते घेतो आणि नमस्कार करतो. पृथ्वीकडून काय करावं ते घेतलं, कबुतराकडून काय करू नये ते घेतलं, पण दोघांनाही पंगतीत पान सारखंच.

मला वाटतं, वडिलांना आठवायची रीत हीच. पंचविसावा गुरू म्हणून. त्यांनी म्हातारीला "उद्या बघू" म्हटलं, ते घ्यायचं. पत्रातलं अक्षर बाहेर जाऊ दिलं नाही, ते घ्यायचं. साठ वर्षं घोंगडीवर झोपले, ते जमलं तर घ्यायचं, गुडघे दुखतात. ताटावरून उठले, ते घ्यायचं नाही. भावाशी बोलले नाहीत, ते घ्यायचं नाही. पण घेतलं नाही म्हणून ते झालंच नाही असं म्हणायचं नाही. माझ्या मुलाला "आजोबा देवमाणूस होते" एवढंच सांगितलं, तर उद्या त्याला राग येईल तेव्हा तो म्हणेल, आजोबा कुठं चिडायचे, मीच वाईट. किंवा कधीतरी त्याला कळेल, आणि मग आम्ही सांगितलेलं सगळंच खोटं वाटेल, खिडकीतलं "उद्या बघू" सुद्धा.

मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. त्यात तथ्य आहे. तो उत्तर द्यायला नसतो. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर आरोप करणं हा भेकडपणा. म्हणूनच चूक कुणाची हे मी वर लिहिलं नाही, लिहिणारही नाही. आरोप करणं वेगळं आणि होतं तसं आठवणं वेगळं. कोर्टात उलटतपासणी घेणारा वकील आणि घरात बसून "ते ना, असेच होते" म्हणून डोळे पुसणारी आई, दोघं एकच गोष्ट सांगत असतील. पण ऐकणाऱ्याला फरक कळतो.

श्राद्धाचंच बघा. शास्त्रानं किती विचार करून ठेवलाय. बाराव्या दिवशी सपिंडीकरण होतं. गेलेल्याचा पिंड बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळतात. तेव्हापासून तो प्रेत राहत नाही, पितर होतो. आणि नव्या माणसाला रांगेत जागा मिळते तेव्हा सर्वांत वरचा माणूस पिंडाच्या हक्कातून बाहेर सरकतो. नावानं आठवायचं ते तीन पिढ्यांना, पुढचे सगळे नुसते पितर. म्हणजे शास्त्रालाही ठाऊक होतं की माणसाची आठवण कायमची राहत नाही, राहू नये. आज मी अण्णांचं ताट आठवतो, त्यांचा खोकला आठवतो. माझ्या नातवाला त्यांचं नाव आणि गोत्र एवढंच उरेल. त्याच्या नातवाला तेही नाही. मग मागं राहतं काय? त्यांनी गावात आणि घरात जे चालू केलं आणि जे चालू ठेवलं, तेवढंच. आमच्याकडे कोर्टातली तारीखही चालू राहिली असती.

नाथमहाराजांची गोष्ट इथं हटकून आठवते. पैठणला त्यांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक चाललेला, वासानं दारावरून जाणाऱ्या भुकेल्या महारांच्या तोंडाला पाणी सुटलं, तर नाथांनी ते अन्न आधी त्यांना घातलं. ब्राह्मण रुसले, आणि मग पितर स्वतः येऊन जेवून गेले, असं महिपतींनी सांगितलंय. ही गोष्ट आपण नाथांचा मोठेपणा म्हणून ऐकतो. मला तिच्यातली दुसरीच बाजू लागते. नाथांना आईवडील आठवतच नसणार. ते तान्हेपणीच गेले, आजोबा चक्रपाणींनी त्यांना वाढवलं. चेहरा, आवाज, राग, लोभ, काहीही माहीत नसलेल्या बापासाठी नाथ दरवर्षी श्राद्ध करत असतील. म्हणजे त्यांच्यापाशी आठवण नव्हती, फक्त देणं होतं. ते त्यांनी भुकेल्याला दिलं, आणि पितरांना ते पोचलं. आठवण पुष्कळ असणाऱ्या आम्ही मुलांनी मात्र पान कुणाला वाढायचं यावर तीन दिवस वाद घातला.

शेवटी मी काकांकडे गेलो. तेवीस वर्षांत मी पण तो उंबरा ओलांडला नव्हता. कडी वाजवली, काकू दारात आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. काका आत पेपर वाचत होते. मी म्हटलं, "अण्णांचं वर्षश्राद्ध आहे, या." त्यांनी पेपर खाली केला नाही. म्हणाले, "बघू." काकूंनी चहा ठेवला. तो होईपर्यंत कुणी बोललं नाही. मग काकाच म्हणाले, "मी सहा-सात वर्षांचा असताना त्यानं मला खांद्यावर बसवून वाडीला नेलं होतं. चालत. येताना मला झोप लागली. लाळ त्याच्या सदऱ्यावर." पुढं काही नाही.

श्राद्धाच्या दिवशी काका आले. पंगतीत बसले, व्यवस्थित जेवले, वडा आणखी मागितला. अण्णांच्या फोटोपुढं उभे राहिले, पण नमस्कार केला की नाही ते मला दिसलं नाही, मध्ये माणसं होती. निघताना चपला घालत मला म्हणाले, "पाण्याचं काय ते कोर्टातच बघू." मी म्हटलं, "बघू." माझा भाऊ त्या पंगतीला बसला नाही, मागाहून एकटा जेवला. त्याचंही मी समजू शकतो. त्यानं वडिलांवर माझ्यापेक्षा कमी प्रेम केलं असं मला म्हणवत नाही. पाण्याच्या दाव्याला अजून तारखा पडताहेत.

एक शंका मात्र मला स्वतःलाच येते. एवढं आठवत बसणं हाच मोह नाही का? त्या कबुतराची गोष्ट काय सांगते? वाडीतल्या एका जुन्या भक्तांनी मला हेच विचारलं, "गेला माणूस, सोडा आता." त्यांचा भाव चांगला होता. मी यावर पुष्कळ विचार केला. कबुतर चुकलं ते पिलं आठवली म्हणून नाही, जाळं दिसत असताना आत उडी घेतली म्हणून. आमच्या घरात जाळं होतंच, त्या विहिरीवर पसरलेलं. वडिलांच्या प्रेमापायी त्यात उडी घ्यायची तयारीही होती. प्रेम तिथं खोटं नव्हतं, उडी चुकीची होती.

आणि विरक्तीचं म्हणाल तर श्रीपाद श्रीवल्लभांनी घर सोडलं, पण सोडण्याआधी एक भाऊ पांगळा आणि एक आंधळा होता त्यांना धडधाकट केलं आणि आईवडिलांची सेवा त्यांच्याकडे सोपवली. नृसिंहसरस्वतींनी आईला तीस वर्षांनी भेटेन असा शब्द दिला, आणि संन्यासी असूनही कारंज्याला येऊन तो पाळला. ज्यांनी सगळं सोडलं त्यांनीसुद्धा घरच्यांची व्यवस्था लावून सोडलं. न लावता सोडणं सोपं असतं, त्याला आपण उगीच वैराग्य म्हणतो.

आता थोडं पादुकांविषयी. वाडीला मनोहर पादुका, औदुंबरला विमल पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. महाराज जिथून गेले तिथं त्यांनी पादुका ठेवल्या. लहानपणी मला वाटायचं, मूर्ती का नाही? मूर्ती असती तर चेहरा तरी दिसला असता. अण्णा गेल्यावर त्यांचा मोठा फोटो करायला टाकला, तेव्हा याचा थोडा उलगडा झाला. स्टुडिओवाल्यानं सुरकुत्या काढून टाकल्या, कपाळ उजळ केलं, कोट घातला. अण्णांनी आयुष्यात कोट घातला नव्हता. बहिणीला तो फोटो आवडला, भिंतीवर तोच आहे. चेहऱ्याला असा हात फिरवता येतो. पावलांना फिरवता येत नाही, माणूस कुठं गेला आणि कुठं गेला नाही ते तिथं उमटलेलं असतं. अण्णांचं पाऊल वाडीच्या घाटावर आहे, पोस्टाच्या कट्ट्यावर आहे. शेजारच्या उंबऱ्यावर नाही.

गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर हे सायंदेवांच्या पाचव्या पिढीतले. सायंदेव, नागनाथ, देवराव, गंगाधर, आणि मग हे. चौदाव्या अध्यायात सायंदेव यवनाकडे जायला निघतात, मरण समोर दिसत असतं, आणि तेव्हा गुरूंकडे मागतात काय, तर आपल्या वंशात भक्ती राहो. अण्णा रोज हाच अध्याय म्हणायचे. पाचव्या पिढीतला एक जण ज्या पणजोबांच्या बापाला त्यानं पाहिलं नाही त्यांची गोष्ट सिद्धांच्या तोंडून ऐकतो आणि आपण आजही ती पोथी उघडतो. त्या पोथीत सायंदेव घाबरलेलेही आहेत. नातवंडांनी ते खोडलं नाही.

आमच्याकडचा सप्ताह अण्णांनंतर मी चालवतो. आवाज त्यांच्यासारखा चढत नाही. जमिनीवर झोपवत नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पातळ गादी, वर त्यांचीच घोंगडी. पोथीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या हिशोबाखाली मी माझा सुरू केलाय, जागा थोडीच उरली आहे. गेल्या वर्षी समाप्तीच्या यादीत घेवडा एक किलो जास्त लिहिला होता. पलीकडे पाठवायचा असतो. काकूंनी डबा धुऊन परत पाठवला, त्यात आवळ्याची सुपारी होती. काकांचा आवाज आता बारीक झालाय, पहाटे भिंतीपलीकडून नीट ऐकू येत नाही, म्हणून मी ओवी संपली की थोडा थांबतो.